पूल झाल्यावर नावेचे काय होते?

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते. वाटणी झाली तेव्हा बऱ्याच लांबीपर्यंत हद्दीची रेघ आधीच तयार होती. ती वैनगंगेने ओढलेली होती. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी भंडारा ओलांडून आमच्याकडे येते आणि एका बाजूला ब्रह्मपुरी, सावली, गोंडपिपरी तर दुसऱ्या बाजूला गडचिरोली, चामोर्शी असे तालुके ठेवत खाली जाते. चपराळ्याजवळ तिला वर्धा नदी मिळते आणि तिथून पुढे दोघींचे नाव प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते, समोर तेलंगणातले काळेश्वर दिसते. आणखी खाली सोमनूरजवळ छत्तीसगडकडून येणारी इंद्रावतीही गोदावरीत शिरते. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाचा आहे आणि त्या जंगलातून या नद्यांना मिळणारे ओढे-नाले मोजायला बसले तर दिवस पुरणार नाही.

अशा मुलखात एखादे गाव किती लांब आहे, हे किलोमीटरवरून कळत नाही. जुनी माणसे आधी विचारतात, "मधात नदी आहे का?" नदी असेल आणि पूल नसेल, तर चार किलोमीटरवरचे गाव पावसाळ्यात चाळीस किलोमीटरवर जाते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या इथल्या माणसाचा खरा शेजारी नावाडी होता. दवाखाना, बाजार, कचेरी, लेकीचे सासर, सगळे त्याच्या हातून जात असे.

नाव, डोंगा, पडव, कश्ती

मी शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांकडे माझे लक्ष जरा जास्त जाते. आमच्या भागात एकाच जाड खोडातून कोरून काढलेल्या होडीला डोंगा म्हणतात. फळ्या जोडून बांधलेली मोठी होडी ती नाव. उर्दूत आपण कश्ती म्हणतो. सिरोंचा भागात तेलुगू घराघरांत बोलली जाते, तिथे होडीला 'पडव' म्हणतात. कोकणातल्या आपल्या बंधू-भगिनींना हा शब्द परका वाटणार नाही, कारण त्यांच्याकडे 'पडाव' नावाची होडी होतीच. एका टोकाला अरबी समुद्र, दुसऱ्या टोकाला गोदावरी, आणि होडीसाठी शब्द जवळजवळ एकच!

या नद्यांवर होडी चालवण्याचे काम प्रामुख्याने ढीवर, भोई आणि केवट समाजाचे. दिवसा माणसे उतरवायची, पहाटे आणि संध्याकाळी जाळे टाकायचे, असा त्यांचा दिनक्रम. गावातल्या माणसाकडून दर खेपेला पैसे घ्यायची पद्धत पूर्वी नव्हती. धान निघाले की घरटी ठरलेले माप नावाड्याच्या घरी पोचायचे. परगावचा माणूस तेवढा रोख देत असे. पलीकडे मोटारसायकल न्यायची असेल, तर दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकतात आणि गाडी उभी करतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, नावाडी मात्र शांतपणे बांबू टेकवत पुढे सरकत असतो.

लाकडी नाव पाळलेल्या जनावरासारखी असते. तिच्याकडे रोज पाहावे लागते. वर्षातून एकदा, पाणी उतरले की तिला काठावर ओढून उलटी घालायची, वाळवायची, शेवाळ खरवडायचे, फळ्यांच्या फटींत सुतळी ठासून वरून डांबर चढवायचे. एक वर्ष हे केले नाही तर दुसऱ्या वर्षी दुप्पट काम निघते. दोन वर्षे नाही केले तर फळीच बदलावी लागते. आणि नाव कोरडीच पडून राहिली तर तेही तिला सोसत नाही. उन्हाने फळ्या आखडतात, फटी रुंदावतात. पाण्यात कुजते आणि उन्हात फाटते, अशी तिची अवस्था. तिला टिकवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे रोजचा वापर आणि त्याबरोबर येणारी रोजची काळजी.

आधी रेल्वे, मग पूल

नावेची वाट अडवणारी पहिली गोष्ट पूल नव्हती, रेल्वे होती. हा इतिहास आमच्याकडच्या फार थोड्या मुलांना ठाऊक असतो. गोदावरीवर राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे इंग्रज अभियंते सर आर्थर कॉटन यांचे एक मोठे स्वप्न होते. समुद्रापासून गोदावरीने वर यायचे, प्राणहितेत शिरायचे, आणि वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यातला कापूस नावांतून थेट पूर्व किनाऱ्याच्या बंदरांवर न्यायचा. नदीत तीन ठिकाणी खडकांचे अडथळे होते. एक दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. ते ओलांडण्यासाठी बंधारे आणि कालवे खोदायला सुरुवात झाली. त्या काळात सिरोंचा हे 'अप्पर गोदावरी' नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. आज मागासलेला म्हणून ओळखला जाणारा हा कोपरा तेव्हा मोठ्या जलमार्गाचे नाके होणार होता.

पण १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. कापसाला पश्चिमेची वाट सापडली. १८७१ मध्ये गोदावरीचे काम थांबवण्यात आले आणि पुढे तो जिल्हाही मोडून सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडला गेला. मोठ्या नावांचे स्वप्न तिथेच संपले. लहान नावा मात्र राहिल्या, कारण पलीकडच्या गावाला जायला रेल्वेचा उपयोग नव्हता.

त्यांची वेळ आली ती आमच्या डोळ्यांदेखत. गेल्या दहा-बारा वर्षांत सिरोंच्याजवळ गोदावरीवर पूल झाला, प्राणहितेवर झाला, इंद्रावतीवरही झाला. वैनगंगेवर एकामागून एक पूल उभे राहिले. शिवाय बंधारे आले. चामोर्शीजवळ चिचडोहचा बंधारा आणि मेडीगड्ड्याला तेलंगणाने बांधलेला, २०१९ मध्ये सुरू झालेला प्रचंड बंधारा. नदीचा स्वभावच बदलला. जिथे हिवाळ्यात गुडघाभर पाणी असे तिथे आता रुंद, खोल पाणी साचून राहते. वर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की पावसाळ्यात खाली पाणी झपाट्याने चढते. बापजाद्यांनी शिकवलेले नदीचे पाढे नावाड्याला नव्याने पाठ करावे लागतात.

पूल ही नेमतच आहे

गेल्या डिसेंबरात सिरोंच्याला नात्यातला निकाह होता. चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा दिवसभराचा रस्ता. गाडीत आम्ही दोघे, दोन मुले आणि माझ्या सासूबाई. वरात तेलंगणातून येणार होती. पुलावरून गाड्या आल्या, वेळेत आल्या, आणि जेवण आटोपून रात्रीतून परतही गेल्या.

अम्मींना त्यांच्या तरुणपणीचा असाच एक निकाह आठवला. तेव्हा वरात गोदावरीपलीकडून नावांतून आली होती. एका नावेत माणसे, दुसरीत देगा आणि तांदळाची पोती. वारा सुटला म्हणून दुसरी नाव अर्ध्यातून परत गेली. निकाह अस्रनंतर व्हायचा तो इशानंतर झाला आणि वऱ्हाड रात्री उशिरा जेवले. "पण त्या नावाड्याला पहिलं ताट दिलं होतं हो," अम्मी म्हणाल्या. "दुल्ह्याच्याही आधी." मुले खूप हसली. मग अम्मी गंभीर झाल्या आणि त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. बाळंतपणात अडलेली त्यांची एक मैत्रीण पलीकडच्या दवाखान्यात पोचू शकली नाही, कारण पूर होता आणि कोणीही नाव पाण्यात घालायला धजत नव्हते. ती गेली. बाळही गेले.

म्हणून जुन्या नावांबद्दल लिहिताना मला पुलाविरुद्ध एक अक्षरही लिहायचे नाही. ज्याने रात्री-अपरात्री काठावर उभे राहून पलीकडे हाका मारल्या आहेत, त्याला विचारा पूल म्हणजे काय ते. ही अल्लाहची नेमत आहे आणि तिचे शुक्र करायला हवे. प्रश्न एवढाच, की पूल झाला त्या दिवशी काठावर ज्या नावा बांधलेल्या होत्या, त्यांचे पुढे काय झाले?

'नाव विकणे आहे'

परतीच्या वाटेवर वैनगंगेच्या काठी एका गावाजवळ आम्ही जेवायला थांबलो. पुलापासून थोड्या अंतरावर जुना घाट होता. पायऱ्या झिजलेल्या, कोणी येत-जात नाही. तिथे बाभळीच्या सावलीत एक नाव उलटी घातलेली होती आणि तिच्या कुशीवर खडूने लिहिले होते, 'नाव विकणे आहे'. खाली मोबाइल नंबर. धाकट्याने मोठ्याने वाचले आणि विचारले, "अम्मी, नाव कसं विकतात? मग त्याला काय म्हणून हाक मारायची?" उर्दू शाळेत शिकणाऱ्या मुलाचा प्रश्न अगदी बरोबर होता! मी त्याला समजावत होते तेवढ्यात मालकच आले. सत्तरीकडे झुकलेले, खांद्यावर दुपट्टा. मुलांची गंमत त्यांनी ऐकली होती.

"बराबर बोलला पोट्टा," ते म्हणाले. "हे नावच विकनं हाये जी. मले लोक अजून नाववालाच म्हनतात."

नाव सागाच्या फळ्यांची, मोठ्या मुलाच्या जन्माच्या वर्षी बांधलेली. म्हणजे अठ्ठावीस वर्षांची. मधल्या आडव्या फळीला एक गोल भोक होते. ते कशाला, असे थोरल्याने विचारले. काकांनी सांगितले की उन्हाळ्याच्या शेवटी खालून वारा सुटायचा, तेव्हा त्या भोकात बांबू उभा करून त्याला जुनी चादर बांधायचे आणि नाव प्रवाहाविरुद्ध आपोआप वर चालायची. ही युक्ती त्यांच्या वडिलांची. शीड वगैरे शब्द त्यांना माहीत नव्हता. "चादर लावली की दोन मानसाचं काम हवाच करते," इतकेच.

आम्ही विकत घेणारे नव्हतो, हे त्यांना दिसत होते. तरीही त्यांनी नावेचे सगळे दोष आम्हाला एकेक करून दाखवले. बुडाच्या एका फळीत त्यांनी खिळा टेकवला, तो लोण्यात शिरावा तसा शिरला. टोकाजवळची फट तीनदा भरली होती. लोखंडी पट्ट्या गंजल्या होत्या. पाण्यात घातली की ती डाव्या अंगाला कलते. पूर्वी पंधरा माणसे बसत, आता पाच बसली तरी एकाला डबा घेऊन सतत पाणी उपसावे लागते.

तीन गिऱ्हाइके येऊन गेली होती. पहिला एक सुतार. त्याला फळ्या हव्या होत्या, चार हजार देत होता. आलापल्लीचे सागवान आणि बल्लारपूरचा लाकूड डेपो ज्या मुलखात आहे, तिथे जुन्या सागाची किंमत कोणाला सांगावी लागत नाही. पण लाकूड म्हणून न्यायचे तर वन विभागाच्या वाहतूक परवान्याची भानगड, म्हणून तो मागे सरला. दुसरा एका धाब्याचा मालक. त्याला ती अंगणात ठेवून आत फुलझाडे लावायची होती. त्याने पाच हजार सांगितले आणि पुन्हा फिरकला नाही. तिसरा माणूस लांबच्या एका घाटावरचा. तिथे पूल नाही, माणसे रोज उतरतात. तो रोख नऊ हजार मोजायला तयार होता.

"मग दिली का नाही?" माझ्या पतींनी विचारले.

"नाही देल्ली जी. मानसं बसवाले नाही देत." थोडे थांबून ते म्हणाले, "मिरचीवाल्या बाया आठवतात."

नावेचा उतार

ते कशाबद्दल बोलत होते हे आमच्या भागात कोणालाही सांगावे लागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूर (रै.) गावच्या बाया मिरची तोडायच्या मजुरीसाठी वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघाल्या होत्या. नदीच्या मध्यावर नाव उलटली आणि सहा जणी बुडाल्या. दिवसाच्या मजुरीसाठी घरातून निघालेल्या आया, बहिणी, सुना होत्या त्या. रस्त्याने जायचे तर मोठा वळसा होता आणि नाव जवळची होती.

काकांच्या त्या एका वाक्याने मला एक गोष्ट उमगली, जी मी इतकी वर्षे नदीकाठी राहूनही पाहिली नव्हती. मला वाटायचे, पूल झाला की जुन्या नावा मरतात. सगळ्याच मरत नाहीत. ज्या अजून पाण्यावर तरंगतात त्या खाली उतरतात. मोठ्या घाटावरून लहान घाटावर, रस्त्याजवळच्या गावातून आडबाजूच्या गावात, सुखवस्तू प्रवाशांकडून रोजंदारीच्या मजुरांकडे. शहरात वीस वर्षे चालून थकलेली बस जशी शेवटी खेड्याच्या कच्च्या रस्त्यावर दिसते, तशीच ही गोष्ट. नाव जितकी म्हातारी, तितके तिच्यात बसणारे लोक गरीब. आणि जितके लोक गरीब, तितके ते 'या नावेत मी बसणार नाही' असे म्हणण्याच्या स्थितीत नसतात.

विकणाऱ्याला हे सहसा दिसत नाही. तो पैसे मोजतो आणि घरी जातो. नाव दुसऱ्या तालुक्यात जाते. तिथे कोणी रंगाचा एक हात दिला की मऊ फळी कोणाला कळणार? काकांनी नऊ हजार नाकारले ते याच ठिकाणी. त्यांच्या घरची परिस्थिती काही सुखाची नव्हती, हे पायांतल्या चपलेवरूनही कळत होते.

ऐब सांगून विकणे

घरी आल्यावर मी हा प्रसंग माझ्या आठवीच्या वर्गात सांगितला. एका मुलीने लगेच ओल्या धान्याच्या ढिगाची हदीस आठवून सांगितली. ती आपल्या घरांत लहान मुलांनाही पाठ असते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आतले धान्य ओले निघाले. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा त्यांनी त्याला भिजलेले धान्य वर ठेवायला सांगितले, म्हणजे घेणाऱ्याला ते दिसेल, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही असे स्पष्ट केले. मालातला ऐब गिऱ्हाइकाला दाखवणे ही विक्रेत्याची जबाबदारी, हा नियम आपण धान्य, कापड, गाडी, घर सगळ्यांना लावतो. नावेला लावला तर त्याचा अर्थ आणखी खोल जातो, कारण तिथे नुकसान घेणाऱ्याचे होत नाही. ते होते त्या तिसऱ्याच माणसाचे, जो सौद्याच्या वेळी तिथे नसतो आणि ज्याला कोणी काही दाखवत नाही.

दुसऱ्या मुलीने सूरह कह्फमधली गोष्ट काढली. आपल्यापैकी अनेकजण दर जुम्याला ही सूरह वाचतात. काही गरीब माणसे समुद्रावर काम करून पोट भरत होती. त्यांच्या कश्तीला हजरत मूसा (अलै.) यांच्या सोबत्याने मुद्दाम ऐब निर्माण केला. मूसा (अलै.) यांना ते अजिबात पटले नाही. पुढे उलगडा झाला की पलीकडे एक राजा चांगल्या कश्त्या जबरदस्तीने हिसकावून घेत होता, आणि तो ऐबच गरिबांची कश्ती वाचवणार होता. वर्गात यावर खूप चर्चा झाली. मुली म्हणाल्या, तिथे ऐबामुळे कश्ती वाचली, इथे ऐब लपवला असता तर माणसे गेली असती. दोन्ही गोष्टींत राखायचे होते ते गरिबाचे जगणे. मी त्यात माझे काही जोडले नाही.

शीड जिथे अजून फडकते

लाकडी होडीला मानाने म्हातारे होता येते का? महाराष्ट्रातच एक उदाहरण आहे. रायगड जिल्ह्यात मुरुडजवळ राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा किल्ल्याला आजही शिडाच्या लाकडी होड्या जातात. सिद्दींचा तो पाण्यातला किल्ला पाहायला येणारे पर्यटक त्या होड्यांतून उतरतात, आणि त्या चालवणाऱ्यांत आपल्या समाजाचे नावाडीही आहेत. काही वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीबरोबर मी त्या होडीत बसले होते. वाऱ्याने शीड भरले तेव्हा आमच्या मुली, ज्यांनी फक्त वैनगंगेचे पाणी पाहिले होते, एकदम गप्प झाल्या.

तिथे होडी टिकली, कारण तिला रोज गिऱ्हाईक आहे. रोज कमाई आहे म्हणून दरवर्षी लाकूड-शिडाची डागडुजी होते. आमच्या नद्यांवर तसे होणे सोपे नाही. मार्कंडा देवस्थान, चपराळ्याचे अभयारण्य, सोमनूरचा संगम, सिरोंच्याजवळ वडधमला सापडलेली कोट्यवधी वर्षांपूर्वीची दगड झालेली झाडे, हे सगळे पाहण्यासारखे आहे. पण तिथे येणारी माणसे मोजकी. पर्यटनाने प्रत्येक घाटावरची नाव वाचेल, असे सांगणे म्हणजे पुन्हा ऐब लपवून विकणेच.

मात्र जिथे नावेची खरी गरज आहे अशा जागा अजून संपलेल्या नाहीत. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. तिथे पावसाळ्यात पूर चढला की तालुक्याचा जगाशी संबंध तुटतो. आतल्या गावांतून आजारी माणसाला खाटेवर घालून नाल्यापर्यंत आणतात आणि डोंग्यातून पलीकडे नेतात. शिक्षक, आरोग्यसेविका, रेशनचे धान्य, सगळ्यांची वाट तीच. पूल बांधले जात आहेत, आणखी होतील, इन्शाअल्लाह. पण पूल होईपर्यंतची जी वर्षे आहेत, त्या वर्षांतही लोकांना रोज नदी ओलांडायची असते. त्या वर्षांसाठी कोणाची तरी उतरलेली नाव पुरेशी आहे असे मानणे चुकीचे आहे. तिथे नवी, मजबूत, नोंदणी केलेली होडी आणि प्रत्येक प्रवाशासाठी जीवरक्षक जॅकेट हवे. बिनइंजिनाच्या होड्यांचीही नोंद व्हावी, अशी तरतूद २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात आहे. ग्रामसभेत हा विषय कोणी मांडायचा? जो रोज त्या नावेत बसतो त्याने, आणि जो पुलावरून जातो त्यानेही.

तोवर आपल्या घरच्यांसाठी काही साध्या गोष्टी. नावेत बसण्याआधी बुडाकडे पाहा. आत पाणी साचलेले असेल तर ते कुठून आले हे विचारा. नाव भरली की तिची कड पाण्यापासून किमान वीतभर वर राहिली पाहिजे. तशी राहत नसेल तर पुढच्या खेपेची वाट पाहा. मध्येच उभे राहू नका, एका बाजूला सगळे झुकू नका. बायकांनी पदर, ओढणी किंवा बुरख्याचा घोळ आवरून बसावे, तो फळीत अडकला तर पोहणाऱ्यालाही हात मारता येत नाही. लहान मूल मांडीवर असेल तर त्याला झोळीने अंगाला बांधू नका. नावाडी 'आज नको' म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. घाई आपल्याला असते, नदीची ओळख त्याला असते.

त्या काकांना मी रमजानच्या आधी फोन केला. नाव गेली होती. जवळच्या गावातल्या एका मासेमाराने तिला बैलगाडीवर घालून आपल्या मामा तलावावर नेली. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत मालगुजारांच्या काळातले असे तलाव खूप आहेत, त्यांत ढीवर बांधवांच्या संस्था मासे पाळतात. पाणी छातीभर. नावेत एकच माणूस, त्याचे जाळे आणि पाणी उपसायचा डबा.

"केवढ्याला दिली?" मी विचारले.

"साडेतीन हजार."

सुताराच्या बोलीपेक्षाही कमी. मी तसे म्हणाले, तर ते म्हणाले, "मऊ फळी दाखवून देल्ली ना जी. दाखवली का भाव उतरतेच." आणि मग धाकट्याची चौकशी केली, त्याला आता 'नाव'चे दोन्ही अर्थ कळले का म्हणून.